गृहस्थाचे गणित : दोन विमानतळ आणि मधला उंबरठा

वाचकहो, या सदरात आजवर आपण वाण्याच्या वहीचे, बँकेच्या व्याजाचे आणि कार्यातील पंक्तींचे हिशेब पाहिले. या खेपेचा हिशेब अंतराचा आहे. तो आमच्याच घरात, आणि आमच्याच हातून चुकला. सबब त्याची फोड करून दाखविण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही समजतो.

नेवासे हे काही विमानाचे गाव नव्हे. प्रवरेच्या काठी वसलेले हे क्षेत्र ज्या खांबासाठी प्रसिद्ध आहे, त्या खांबास टेकून ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये भावार्थदीपिका सांगितली. येथे लोक येतात ते वारीने पायी येतात, एस. टी. ने येतात, नाहीतर मोटारीने येतात. तथापि गेल्या काही वर्षांत या गावास एक नवेच स्थान नकळत प्राप्त झाले आहे. पश्चिमेकडे कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ झाला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. ईशान्येकडे छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, चिकलठाणा येथील विमानतळ जुनाच आहे. नकाशावर नेवाशापासून या दोन्ही ठिकाणांकडे दोरी ताणली, तर ती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, सुमारे साठ किलोमीटर भरते.

शास्त्रकारांच्या न्यायांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा माजघरासही उजेड देतो आणि ओसरीसही. दोन विमानतळांच्या बरोबर मध्ये बसलेल्या आमच्या गावास असाच दुहेरी लाभ होणार, असे आमच्या घरातील तरुण मंडळींस वाटत असे. आम्हांसही वाटत असे, हे कबूल केले पाहिजे.

प्रथम गणित पाहू. काकडीचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ अंश ४१ कलांच्या थोडा पुढे, व पूर्व रेखांश ७४ अंश २३ कलांच्या सुमारास आहे. चिकलठाण्याचा विमानतळ अक्षांश १९ अंश ५२ कलांच्या थोडा अलीकडे, व रेखांश ७५ अंश २४ कलांवर आहे. म्हणजे अक्षांशांत अंतर सुमारे साडेदहा कलांचे व रेखांशांत एकसष्ट कलांचे पडते. दक्षिणोत्तर एका कलेस सुमारे १.८५ किलोमीटर जमीन येते. पूर्वपश्चिम कला मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तशी आखडत जाते; आपल्या अक्षांशावर ती सुमारे १.७४ किलोमीटर भरते. तेव्हा दक्षिणोत्तर कोटी झाली १९ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम भुज झाला १०६ किलोमीटर. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढले की कर्ण येतो तो १०८ ला किंचित कमी. जपमाळेच्या मण्यांइतके हे अंतर आहे, असे मुलांस सांगितल्यास ते विसरणार नाहीत. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे खरे म्हणजे हे गणित गोलावर करावयास हवे. परंतु एवढ्या लहान अंतरात सपाट कागदावरील कर्ण आणि गोलावरील कमान यांत फरक नावालाच पडतो.

ज्या घरांत अद्यापि लीलावतीचे नाव घेतले जाते, तेथे भुज, कोटी व कर्ण यांची ओळख करून देणे नलगे. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या घराण्याची स्मृती जपणारा शिलालेख चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे. आपल्या ज्योतिषांनी दोन गावांमधील पूर्वपश्चिम अंतर केवळ कोसांत न मोजता वेळेतही मोजले, आणि त्यास देशांतर असे नाव दिले. सूर्यास एक अंश चालण्यास चार मिनिटे लागतात. सबब एकसष्ट कलांच्या या अंतरामुळे चिकलठाण्यास सूर्य काकडीपेक्षा सुमारे चार मिनिटे आधी माथ्यावर येतो. विमान काहीही करो, या दोन विमानतळांमध्ये सूर्यास चारच मिनिटे लागतात.

ही सरळ रेषा नेवाशावरून जात नाही. ती आमच्या उत्तरेस पंचवीसएक किलोमीटरवरून, पुणतांब्याच्या परिसरात गोदावरीच्या आसपास जाते. पुणतांब्यास चांगदेवांची समाधी आहे. वाघावर बसून भेटीस निघालेल्या या योग्यास भिंत चालत सामोरी आली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वाहन मोठे असल्याने भेट मोठी होत नाही, हे त्या कथेचे तात्पर्य आम्ही वर्गात कित्येक वेळा सांगितले होते. ते आमच्या स्वतःच्या उपयोगी पडले नाही, हे पुढे दिसेलच.

आता वेळ पाहू. या १०८ किलोमीटरांस विमानास किती वेळ लागेल? पंख्याच्या लहान विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटर धरला तर भागाकार तेरा मिनिटे येतो. जेट विमानाचा ताशी आठशे धरला तर आठच मिनिटे. या हिशेबात चढण्याउतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवावा, तर अडतीस मिनिटे होतात. तात्पर्य, एकाच प्रश्नास आठ, तेरा आणि अडतीस अशी तीन उत्तरे येतात, आणि तिन्ही भागाकार बरोबरच असतात.

असे का व्हावे? तर ताशी आठशेचा वेग हा उंचावर पोहोचलेल्या विमानाचा वेग होय. विमान उडाले की प्रथम त्यास चढावे लागते. चढताना वेग कमी व इंधनाचा खर्च अधिक. उतरावयाचे तर बऱ्याच अंतरावरूनच खाली येण्यास आरंभ करावा लागतो. १०८ किलोमीटरांच्या वाटेत चढण संपते न संपते तोच उतरण लागते. सपाटीचा, म्हणजे भरवेगाचा, प्रवास जवळजवळ उरतच नाही. शिवाय विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते व तोंडावरच उतरते. या दोन्ही विमानतळांच्या धावपट्ट्या साधारण पूर्वपश्चिम आहेत, हे त्यांतल्या त्यात सोयीचे; तरीही वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेस जाणाऱ्या विमानास आधी पश्चिमेकडे उडून मग वळावे लागते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर वळसा घालून पुन्हा पश्चिमाभिमुख उतरावे लागते. हे सर्व धरून चाक उचलल्यापासून चाक टेकेपर्यंत वीसपंचवीस मिनिटे म्हणावी. आम्ही पंचांगाच्या पाठीमागे हाच हिशेब केला होता आणि उत्तर वीस मिनिटे काढले होते. ते उत्तर चूक नव्हते.

चूक कोठे झाली ते आता सांगतो.

आमचे वडीलबंधू निवर्तल्यास गेल्या हिवाळ्यात वर्ष झाले. त्यांचे थोरले चिरंजीव दक्षिणेतील एका मोठ्या शहरी नोकरीस आहेत. धाकटे आमच्याजवळ घरीच असतात. वर्षश्राद्ध थोरल्याने करावयाचे ठरले होते. श्राद्धाचा काळ अपराह्णाचा. दिवसमानाचे पाच भाग केले असता चौथा भाग तो अपराह्ण. त्या दिवसांत तो सुमारे दीड वाजल्यापासून पावणेचारपर्यंत येत होता. चिरंजीवांचे विमान सकाळी दहाच्या सुमारास काकडीस उतरणार होते. गाडी पहाटेसच तिकडे पाठविली. काकडीहून नेवासे रस्त्याने सुमारे ऐंशी किलोमीटर, दोन तासांची वाट; म्हणजे स्वारी साडेबारापर्यंत घरी येऊन स्नान करून पाटावर बसण्यास मोकळी. हिशेबात तासाभराची शिल्लक ठेवली होती. शिक्षकाने याहून अधिक काय करावे?

त्या सकाळी आकाश धुक्याने भरलेले होते. काकडीवर दृश्यता पुरेशी नव्हती. विमानाने काही काळ घिरट्या घातल्या व नंतर ते चिकलठाण्यास जाऊन उतरले. यात कोणाचाही दोष नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. दिसत नसता न उतरणे हाच वैमानिकाचा धर्म होय. २०१९ च्या नोव्हेंबरात तर कमी दृश्यतेमुळे शिर्डीची उड्डाणे कित्येक दिवस बंद होती.

पावणेअकराच्या सुमारास चिरंजीवांचा फोन आला. ‘‘काका, विमान औरंगाबादला आणले आहे. धुके निवळले की परत शिर्डीला नेणार म्हणतात. मी येथेच उतरून गाडी करू, की विमानात थांबू?’’

आम्ही पंचांग उलटे करून पेन्सिलीने कर्ण काढला. एकशे आठ किलोमीटर. वीस मिनिटे. आपली गाडी काकडीस उभीच आहे. चिकलठाण्यास दुसरी भाड्याची गाडी करावयाची म्हणजे दुहेरी खर्च. शिवाय सामान विमानाच्या पोटात. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘‘विमानातच थांब. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.’’

चिरंजीव थांबले. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. घरी क्षणाचे ब्राह्मण येऊन बसले. दर्भ, तीळ, पाने, सर्व सिद्धता झाली. काकडीवरचे धुके निवळले, परंतु मग उड्डाणाची अनुज्ञा, इंधन आणि इतर विमानांचा क्रम यांची वाट पाहावी लागली. विमान दोन वाजता हलले. आणि वाचकहो, आमचे गणित किती अचूक होते पाहा, ते बावीस मिनिटांत काकडीस पोहोचले. सामान हाती येऊन गाडीत बसेपर्यंत पावणेतीन झाले. पावणेतीन आणि दोन तास म्हणजे पावणेपाच. अपराह्ण पावणेचारास संपला होता.

तीन वाजता गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही फोनवर थोरल्याची संमती घेतली आणि धाकट्यास पाटावर बसविले. श्राद्ध यथाविधि झाले. शास्त्राच्या दृष्टीने काही उणे राहिले नाही.

थोरले चिरंजीव चिकलठाण्यासच उतरले असते तर? तेथून नेवासे रस्त्याने सुमारे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. शहरातील गर्दी धरून पावणेदोन तास. सामान मिळण्यास अर्धा तास धरला तरी ते एक वाजता घरी असते. त्यांच्या आणि आमच्या उंबरठ्याच्या मध्ये केवळ एक मोटार होती. आम्ही त्यांस दोन विमानतळांमधील अंतर सांगितले. त्यांस हवे होते ते विमानतळ आणि घर यांमधील अंतर. प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याचे, अशा पोरास आम्ही तीस वर्षे शून्य गुण देत आलो.

मग हे १०८ किलोमीटरांचे आणि वीस मिनिटांचे आकडे कोणाच्या कामाचे? निरुपयोगी ते खचित नाहीत. ते वैमानिकाच्या कामाचे आहेत. प्रवासी विमान निघते तेव्हा केवळ मुक्कामापर्यंतचे इंधन घेऊन निघत नाही. मुक्कामी उतरता न आल्यास जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यास पुरेल इतके, आणि त्यावर आणखी सुमारे अर्धा तास आकाशात थांबता येईल इतके इंधन त्यात असावेच लागते. दोन लहान विमानतळ एकमेकांपासून किती दूर आहेत, हे त्या इंधनाच्या हिशेबासाठी पाहावयाचे असते. संकटकाळी कोणत्या दारी जावयाचे, ते दार आधी हेरून ठेवावे लागते. आमच्या पुतण्याचे विमान चिकलठाण्यास सुखरूप उतरले ते याच आकड्याच्या कृपेने. म्हणजे त्या सकाळी ज्या आकड्याने त्याचे रक्षण केले, तोच आकडा आम्ही भलत्या कामास लावून त्याचा दिवस घालविला.

प्रवाशासाठी इतकी जवळची उड्डाणे सहसा करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने लहान शहरे विमानाने जोडण्यासाठी उडान योजना आणली. तासाभराच्या उड्डाणास ठरावीक आसनांवर अडीच हजार रुपयांपर्यंत भाडे, अशी तिची ख्याती झाली. त्या मूळ योजनेत साह्यास पात्र अशी वाट साधारणतः २०० ते ८०० किलोमीटरांची असावी, असे ठरविले होते. डोंगराळ व दुर्गम भाग आणि बेटे यांस मात्र किमान अंतराची अट लावली नाही. या अटीतच सगळे शहाणपण आहे. जेथे रस्ता नीट आहे तेथे दोनशे किलोमीटरांच्या आत विमानाचा लाभ नाही. जेथे मध्ये दरी अथवा समुद्र आहे तेथे दहा किलोमीटरही विमानास योग्य. तसेच २००८ च्या नव्या विमानतळांविषयीच्या धोरणात जुन्या नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरांच्या आत नवा विमानतळ करावयाचा असल्यास त्याचा वेगळा विचार व्हावा, असे ठेवले आहे. काकडी आणि चिकलठाणा हे तर १०८ वर आहेत. शिर्डीस येणाऱ्या भाविकांचा ओघ मोठा, म्हणून येथे दोन दिवे जवळजवळ लागले. परंतु ते एकमेकांकडे जाण्यासाठी लागलेले नाहीत.

सरकारच्या या अटीचे प्रत्यक्ष उदाहरण पाहावयाचे तर स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाची बेटे आहेत. त्यांतील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमान जाते. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटांहूनही कमी वेळ. जगातील सर्वांत आखूड नियमित उड्डाण म्हणून त्याची ख्याती आहे. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी विमान? परंतु मध्ये समुद्र आहे. शिक्षक, विद्यार्थी, रुग्ण यांस दुसरी वाट लांबची व हवामानाच्या मर्जीची. उलट फ्रान्सने २०२३ मध्ये, जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत पोहोचता येते अशा काही देशांतर्गत विमानवाटा कायद्याने बंद केल्या. एका देशात पावणेतीन किलोमीटरांस विमान योग्य ठरले, आणि दुसऱ्यात कितीतरी अधिक अंतरास अयोग्य ठरले. यावरून अंतराचा आकडा एकटा काही सांगत नाही, दोन ठिकाणांच्या मध्ये काय आहे ते पाहावे लागते, हे उघड होते. आमच्या दोन विमानतळांच्या मध्ये समुद्र नाही. चांगले रस्ते आहेत, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही आहे. आणि बरोबर मध्ये आमचे घर आहे.

तेव्हा गृहस्थाने विमानप्रवासाचा हिशेब कसा मांडावा, हे आता थोडक्यात सांगतो. कागदाच्या डाव्या अंगास स्थिर वेळ लिहावा. घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास. उड्डाणापूर्वी दोन तास हजर राहणे. उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास. आणि तेथून मुक्कामाच्या घरापर्यंतची वाट. नेवाशातून निघणाऱ्यास ही बेरीज पाच तासांच्या खाली सहसा येत नाही. उजव्या अंगास उड्डाणाचा वेळ लिहावा. उड्डाण वीस मिनिटांचे असो वा दोन तासांचे, डावी बाजू तीच राहते. काकडीहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे एक हजार किलोमीटर. तेथे दोन तासांच्या उड्डाणास पाच तासांचा स्थिर वेळ शोभतो, कारण आगगाडीस पुरी रात्र व दिवसाचाही बराच भाग लागतो. शेजारच्या जिल्ह्यास मात्र तो शोभत नाही. पावशेर भाजीसाठी बैलगाडी जुंपण्यासारखे ते होते.

त्याखाली तिसरी ओळ लिहावी, ती अनिश्चिततेची. पौष-माघात सकाळचे विमान असेल तर धुक्यासाठी, आणि श्रावण-भाद्रपदात पावसासाठी, अर्धा दिवस हाताशी ठेवावा. ज्या कार्यास मुहूर्त आहे, मग ते लग्न असो, श्राद्ध असो वा परीक्षा असो, त्या कार्यास त्याच दिवशीच्या विमानाने येण्याचा बेत करूच नये. आदल्या दिवशी यावे. आणि ज्या गावास दोन विमानतळ सारख्याच अंतरावर आहेत, त्या गावच्या मंडळींनी विमान दुसरीकडे गेल्यास काय करावयाचे ते घर सोडण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. त्याचे उत्तर सोपे आहे: जमिनीवर पाय लागला आणि उतरण्याची परवानगी मिळाली, की तेथून घराकडे निघावे. पुन्हा वर जाऊ नये. सामान मागाहून आणता येते.

हे सर्व आम्ही त्या रात्री वहीत लिहून काढले आणि मनास काहीसे समाधान वाटले. परंतु हिशेबाचा खरा आकडा आम्हांस मिळाला तो त्याआधी, त्याच संध्याकाळी, आणि तो आमच्या वहिनींनी सांगितला.

पाचच्या सुमारास चिरंजीव दारात आले. पाय धुतले, वडिलांच्या तसबिरीस नमस्कार केला. कोणी त्यांस बोल लाविला नाही. आम्हीच अपराध्यासारखे पुढे होऊन म्हणालो, ‘‘वहिनी, यात याचा दोष नाही. मीच याला थांब म्हणालो. माझा हिशेब चुकला.’’

वहिनी ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुमचा हिशेब आजचा चुकला. याचा वर्षाचा चुकला आहे. ‘हे’ गेले, तेराव्यानंतर हा निघाला, तेव्हा मला म्हणाला, आई, मी काही लांब नाही, दीड तासावर आहे. दर फोनला तेच, दीड तासावर आहे. आता आला तो वर्षाने. दीड तासाच्या वाटेला वर्ष लागते होय?’’

चिरंजीव काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. कारण तो दीड तासाचा आकडाही आम्हीच मागे एकदा कौतुकाने काढून दिला होता.

वाचकहो, आपल्या घरांतून मुले दूर गेली ही काही नवी गोष्ट नव्हे. पूर्वी मुलगा मुंबईस गेला तर आई मनाशी धरून चाले की तो आता दिवाळीस येईल. आणि मुलगाही जाणून असे की आपण दूर आहो, म्हणून पत्रे लिही, आणि दिवाळीची रजा कशीबशी मिळवून येईच. आता विमानतळ जवळ आल्यामुळे मुलास वाटू लागले आहे की आपण दूर नाहीच. केव्हाही निघालो तर दुपारी घरी. केव्हाही निघता येते म्हणून तो कधीच निघत नाही. आकडा लहान झाला आणि अंतर वाढले. हा दोष विमानाचा नव्हे, आणि केवळ मुलांचाही नव्हे. आम्हां वडीलधाऱ्यांसही गावाजवळ विमानतळ झाल्याचा अभिमान वाटतो, आणि ‘आमचा मुलगा दीड तासावर असतो’ असे आम्हीच चारचौघांत सांगत सुटतो.

चिरंजीव चार दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यास घेऊन ते प्रवरेच्या घाटावर स्नानास गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. निघण्याच्या दिवशी त्यांनी आमच्याकडून वही व पेन्सिल मागून घेतली, आणि आपल्या राहत्या घरापासून आमच्या उंबरठ्यापर्यंत लागणारा वेळ एकेक टप्पा लिहून स्वतः काढला. बेरीज साडेनऊ तास आली. धुक्यासाठी म्हणून त्यांनी ती एक दिवस धरली. मग आईस नमस्कार करून म्हणाले, ‘‘आई, मी एक दिवसाच्या वाटेवर आहे.’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘असू दे. आता कळले ना, मग ये.’’

तेव्हापासून ते तीन वेळा येऊन गेले आहेत. दरवेळी आदल्या दिवशी निघतात. एकदा काकडीस उतरले, एकदा चिकलठाण्यास, आणि एकदा आगगाडीने आले.